आपल्या नावाची किल्ली कुणाच्या कमरेला?



जुन्या घरांत कोठीच्या खोलीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, त्यावरून त्या घरात कुणाचं चालतं ते कळायचं. सासू थकली की जुडगा सुनेकडे यायचा. काही घरांत तो शेवटपर्यंत यायचाच नाही. आज आम्ही ज्या किल्लीबद्दल बोलणार आहोत ती लोखंडाची नाही, तो एक लांबलचक आकडा आहे. पण भानगड तीच. मोबाइलवर आपलं जे नाव आहे, आपण टाकलेले फोटो, लिहिलेलं काहीबाही, आपल्याशी जोडलेली माणसं, या सगळ्याची किल्ली कुणाकडे आहे? आपल्याकडे, की कंपनीकडे? आणि समजा ती आपल्या हातात आली, तर आपल्याला ती सांभाळता येईल का?

हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड निघाला. त्याच्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्यापर्यंत फारसा कुणी आणलेला नाही.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. शिक्कामोर्तब. ठरावावर शिक्कामोर्तब झालं, लग्नावर शिक्कामोर्तब झालं, असं आपण सहज म्हणतो. यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. मराठेशाहीत पत्राच्या वरच्या बाजूला मुख्य मुद्रा उठवत, तो शिक्का. पत्र कुणाचं ते त्यावरून कळे. आणि मजकूर संपला की खाली छोटी मुद्रा उठवत, ते मोर्तब. इथे लिहिणं संपलं, आता याखाली कुणी ओळ घुसडायची नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे एका मुद्रेने माणूस ओळखायचा आणि दुसरीने मजकुराची हद्द राखायची. मधल्या अक्षरांचं काय? त्याचं उत्तर मात्र या दोन्ही मुद्रांकडे नव्हतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि 'ध चा मा' ही म्हण आपल्या भाषेत कायमची बसली. 'धरावे'चं कुणीतरी 'मारावे' केलं, अशी ती कथा. ते खरंच घडलं का, कुणी केलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण आळ आनंदीबाईंच्या नावावर अडीचशे वर्षं टिकून आहे. आम्हांला तर यात दोन प्रश्न एकदम दिसतात. पत्रातलं अक्षर बदललं तर कळणार कसं, आणि ज्याच्यावर आळ येतो त्याला तो खोडायला पुरावा मिळणार कुठून?

आता एकदम दोनशे वर्षं पुढे येऊ. १९७० च्या आसपासपर्यंत गुप्त पत्रव्यवहाराची एक अट होती. लिहिणाऱ्याकडे आणि वाचणाऱ्याकडे एकच किल्ली हवी. मग ती किल्ली आधी पोचवायची कशी? कुणाच्या तरी हाती द्यायची, आणि तो माणूस फुटला की सगळंच गेलं. नोव्हेंबर १९७६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक निबंध छापला. त्यातला विचार असा की किल्ली एक कशाला, दोन करू. दोन्ही एकमेकींशी बांधलेल्या, पण एक चारचौघांत जाहीर करायची आणि दुसरी कुणालाही दाखवायची नाही. पुढच्याच वर्षी एमआयटी या संस्थेतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ते प्रत्यक्ष करायची रीत काढली.

रीत समजायला गणित लागत नाही. मूग आणि मसूर एका परातीत ओतून हात फिरवायला किती वेळ लागतो? आणि तेच वेगवेगळे निवडून ठेवायला? आकड्यांतही असं आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार चटकन होतो, पण नुसता गुणाकार हातात देऊन 'यातल्या दोन संख्या कोणत्या ते सांग' म्हटलं की यंत्रसुद्धा घामाघूम होतं. १९७७ च्या ऑगस्टमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात असा एक १२९ आकडी गुणाकार छापला आणि तो फोडणाऱ्याला १०० डॉलरचं बक्षीस ठेवलं. फुटायला १९९४ साल उजाडलं. तेही सुमारे ६०० लोकांनी आपापले संगणक कामाला लावल्यावर. आता त्याहून कितीतरी मोठ्या संख्या वापरतात.

या दोन किल्ल्यांचा एक उपयोग पत्र गुप्त ठेवायला. दुसरा उपयोग आपल्या आजच्या विषयाचा आहे. गुप्त किल्लीने मी माझ्या मजकुरावर खूण उठवते. ती खूण मजकुरातल्या प्रत्येक अक्षराशी बांधलेली असते. माझी जाहीर किल्ली ज्याच्याकडे आहे तो कुणीही ती ताडून बघू शकतो, पण तशी खूण नव्याने उठवू शकत नाही. एक काना बदलला तरी ताळा जुळत नाही. शिक्का आणि मोर्तब एकाच खुणेत आले, आणि 'ध'चा 'मा' केला की लगेच उघडा पडतो.

जाता जाता एक सांगायला हवं. ही कल्पना इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन खात्यातल्या जेम्स एलिस यांना १९७० मध्येच सुचली होती, आणि १९७३ मध्ये तिथल्याच क्लिफर्ड कॉक्स यांनी ती गणितात बसवली होती. पण खातं गुप्त, म्हणून तोंडाला कुलूप. सरकारने हे जाहीर केलं डिसेंबर १९९७ मध्ये. एलिस त्याच्या काही आठवडे आधीच वारले होते.

तर किल्ल्यांची जोडी सापडली, पण ती वापरणार कोण? बरीच वर्षं सरकारं, लष्करं आणि बँका. साध्या माणसाच्या हातात ती दिली फिल झिमरमन यांनी, १९९१ मध्ये. हे अमेरिकेतल्या अण्वस्त्रविरोधी चळवळीतले कार्यकर्ते. चळवळीतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. त्याचं नाव पीजीपी. हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? रेडिओवरून! अमेरिकेत गॅरिसन कीलर यांचा एक लोकप्रिय रेडिओ कार्यक्रम होता, त्यातल्या काल्पनिक गावात एक किराणा दुकान होतं, 'बऱ्यापैकी चांगलं' अशा नावाचं. झिमरमननी आपल्या प्रोग्रामला तेच विशेषण लावलं. रेडिओवाल्या म्हणून आम्हांला ही गोष्ट फार आवडते.

सरकारला ती आवडली नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात असलं पक्कं कुलूप परदेशी पाठवणं म्हणजे शस्त्रं पाठवण्यासारखं होतं. १९९३ पासून झिमरमन यांच्यावर चौकशी चालली आणि जानेवारी १९९६ मध्ये ती आरोप न ठेवताच बंद झाली. मधल्या काळात एक गंमत झाली. प्रोग्रामची फाइल बाहेर पाठवणं गुन्हा, पण पुस्तक पाठवणं गुन्हा नव्हे. मग एमआयटीच्या प्रकाशनाने १९९५ मध्ये त्या प्रोग्रामचं पुस्तकच छापलं. पुढच्या एका आवृत्तीची पुस्तकं युरोपात नेऊन तिथल्या स्वयंसेवकांनी पानं स्कॅन केली आणि प्रोग्राम परत उभा केला.

पण पीजीपीने एक नवाच पेच उभा केला. आमची जाहीर किल्ली ही, असं मी म्हणेन. पण ती माझीच, हे तुम्हांला कोण सांगणार? उद्या कुणी माझ्या नावाने स्वतःची किल्ली फिरवली तर? यावर झिमरमन यांनी सुचवलेला तोडगा आपल्याला ओळखीचा वाटेल. सरकारी दाखला नको, ओळखीच्या माणसाची साक्ष पुरे. मी तुला ओळखते, तू तिला ओळखतेस, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवते. सोयरीक जमवताना आपण हेच करत नाही का? मुलगा कसा आहे ते त्याच्या गावातल्या आपल्या नात्याच्या माणसाला विचारायचं. यासाठी लोक खास जमू लागले. एकमेकांची ओळखपत्रं बघायची, किल्लीचा आकडा मोठ्याने वाचून ताडायचा, घरी जाऊन तिच्यावर आपली सही उठवायची. संगणकवाल्यांच्या मंडळींत हे मेळावे बरीच वर्षं चालले. बाकीच्या जगात नाही.

का नाही, ते एका बाईने दाखवून दिलं. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी एक प्रयोग छापला. बारा जणांना पीजीपी दिलं, दीड तास दिला आणि सांगितलं, सही करून गुप्त पत्र पाठवा. बारापैकी चौघांनाच ते धड जमलं. तिघांनी तर जे गुपित ठेवायचं तेच उघड्यावर पाठवून दिलं. ही माणसं ईमेल रोज वापरणारी होती. तोवर संगणकवाल्यांचा सूर असायचा की लोकच अडाणी. व्हिटनबाईंनी ठामपणे सांगितलं की दोष लोकांचा नाही, कुलूपच असं केलंय की ते लावताना बोट चिमटावं. आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे, डिफी-हेलमन यांच्याही बरोबरीचं. कुलूप बनवणाऱ्याला बक्षीस मिळतं, पण ते रोज लावणाऱ्या हाताचा विचार कुणी केला, हे सहसा नोंदलं जात नाही.

दरम्यान सगळी दुनिया मोठ्या कंपन्यांच्या वाड्यात राहायला गेली. तिथे किल्लीची कटकटच नाही. नाव आणि पासवर्ड सांगा, दार उघडतं. पासवर्ड विसरलात, कंपनी नवा देते. सोय आहे, खोटं कशाला बोलायचं! फक्त वाडा त्यांचा आणि आपण भाडेकरू. आमच्याच गटाचं उदाहरण सांगतो. एका मोठ्या कंपनीच्या साइटवर आमचं पान होतं, मसाले आणि कुरडयांच्या ऑर्डरी तिथूनच यायच्या. एका सकाळी ते बंद दिसलं. नियम मोडला, इतकंच लिहिलं होतं. कोणता, ते नाही. आम्ही अर्ज केले, यंत्राची उत्तरं आली. पान गेलं याचं दुःख कमी, पण त्याच्याबरोबर सगळ्या गिऱ्हाइकांचा पत्ताच गेला. त्यांना शोधायचं कुठे, आणि आम्हीच त्या असं त्यांना पटवायचं कसं?

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात आपल्या देशात हाच प्रश्न मोठ्याने विचारला गेला. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. त्यावरून रान उठलं आणि हजारो भारतीय एका नव्या ठिकाणी जाऊन बसले. त्याचं नाव मॅस्टोडॉन.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोश्को या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलं. त्याआधी २००८ मध्ये कॅनडात इव्हान प्रोड्रोमू यांनी आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी असेच प्रयत्न केले होते. कल्पना अशी की एक मोठा वाडा नको, पुष्कळ छोटी घरं असू देत. प्रत्येक घर म्हणजे एक सर्व्हर, कुणीतरी चालवलेला. घरं एकमेकांशी बोलतात, जसं एका कंपनीचं ईमेल दुसऱ्या कंपनीच्या ईमेलला पोचतं. त्यांनी आपसांत कसं बोलायचं याचे नियम जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यू-थ्री-सी या जागतिक संस्थेने पक्के केले. त्यावर लेखक म्हणून पाच नावं आहेत : ख्रिस्टीन लेमर-वेबर, जेसिका टॅलन, एरिन शेपर्ड, ॲमी गाय आणि प्रोड्रोमू. 

एक वाडा जाऊन शंभर घरं आली. पण किल्ली? ती घरमालकाकडेच राहिली. मॅस्टोडॉनवर प्रत्येक खात्याला किल्ल्यांची जोडी असते, पण ती सर्व्हरवर ठेवलेली असते. वापरणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही. आणि आपलं नाव घराच्या पत्त्याला जोडलेलं असतं, अमुकबाई, तमुक घर. घर पडलं की नाव पडलं. २०१९ पासून एका घरातून दुसऱ्या घरात जाताना आपले अनुयायी बरोबर नेता येतात. लिहिलेलं मात्र जुन्या घरातच राहतं. आणि जुना घरमालक जागेवर असला तरच ही बदली होते. फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट ऐका. समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्य लोकांनी एक सर्व्हर चालवला होता. त्याच्या पत्त्याचा शेवट अफगाणिस्तानच्या दोन अक्षरांचा होता, कारण इंग्रजीत ती अक्षरं गमतीची वाटतात. पण ती अक्षरं देण्याघेण्याचा हक्क अफगाण सरकारचा, म्हणजे तोवर तालिबानचा. त्यांनी पत्ता रद्द केला. अफगाणिस्तानात कधी पाऊलही न टाकलेल्या माणसांची नावं काबूलच्या एका मंत्रालयाने पुसली.

मग काही जण म्हणाले, घरच नको. नाव म्हणजेच किल्ली. न्यूझीलंडमध्ये होडीवर राहणाऱ्या डॉमिनिक टार यांनी २०१४ च्या सुमारास 'स्कटलबट' नावाचं जाळं बांधलं. जहाजावर पिण्याच्या पाण्याचं पिंप असतं, खलाशी तिथे जमून गप्पा हाकतात, त्यावरून हे नाव. आपल्या भाषेत पाणवठ्यावरच्या गप्पा! कुठलाही सर्व्हर नाही. दोन माणसं एका वायफायवर आली की त्यांचे फोन एकमेकांकडच्या गप्पा घेतात आणि पुढे नेतात. प्रत्येक गप्पेवर बोलणारीच्या किल्लीची खूण, त्यामुळे दहा तोंडांतून आली तरी शब्द बदलत नाही. पाणवठ्यावरच्या खऱ्या गप्पांना हे कधी जमलं नसतं. अडचण एवढीच की एक किल्ली एकाच यंत्रावर. फोन पाण्यात पडला आणि किल्लीची नक्कल नसली, की आपण त्या जगात मेलो.

२०२० मध्ये 'फियातजाफ' या टोपणनावाच्या माणसाने 'नॉस्टर' काढलं. तिथे तर फारच सोपं. गुप्त किल्ली ६३ अक्षरांची, तेच आपलं सर्वस्व. ती घेऊन कुठल्याही ॲपमध्ये जा, आपणच. कुणी बंद करू शकत नाही, कुणी हाकलू शकत नाही. पण ती हरवली तर परत देणारा कुणी नाही, आणि चोरीला गेली तर ती रद्द करायची सर्वमान्य सोय नाही. चोर आणि तुम्ही, दोघंही तुम्हीच. याला स्वातंत्र्य म्हणतात आणि ते खरंही आहे. पण ज्या बाईच्या फोनचं लॉक घरातल्या चार जणांना माहीत असतं, जिचा फोन मुलगा गेम खेळायला घेतो आणि नवरा 'बघू' म्हणून हातातून काढून घेतो, तिला हे स्वातंत्र्य कितपत पेलणार? हा प्रश्न ते बनवणाऱ्यांनी आधी विचारलेला दिसत नाही. व्हिटनबाईंची बारा माणसं इथे परत आठवतात.

आपल्याकडे तर किल्लीच्या आधी नंबरचाच घोळ आहे. पुष्कळ बायकांचं सिमकार्ड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असतं. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळे निरोप दोन किल्ल्यांच्या रीतीने बंद केले. प्रत्येक गप्पांच्या माहितीत ६० आकड्यांचा एक कोड असतो, तो दोघींनी शेजारी बसून ताडला की मधे कुणी नाही याची खात्री होते. म्हणजे किल्ली खरोखर आपल्या फोनमध्ये आहे. पण नाव? ते म्हणजे मोबाइल नंबर. तो कंपनीचा, आणि ज्याच्या नावावर सिम त्याचा. रीचार्ज थांबला, नंबर बंद पडला, की ठरावीक मुदतीनंतर, निदान ९० दिवसांनी, तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. किल्ली आपली आणि दारावरची पाटी भाड्याची, अशी ही गत आहे.

पाटी आणि किल्ली वेगळी करायची कल्पना यातूनच पुढे आली. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये 'ब्लूस्काय' नावाचं काम जाहीर केलं. २०२१ मध्ये त्याची सूत्रं जे ग्रेबर यांच्याकडे आली. त्यांच्या आई चीनमधून आलेल्या, त्यांनी लेकीचं नाव ठेवलं लानत्यान. त्याचा अर्थ निळं आकाश! ब्लूस्काय हे नाव त्या येण्याआधीच ठरलं होतं, हा निव्वळ योगायोग.

तिथली रचना अशी. प्रत्येक माणसाला एक कायमची खूण मिळते, अक्षरांची आणि आकड्यांची, वाचायला निरर्थक. ती कधी बदलत नाही. त्यावर लावलेली पाटी, म्हणजे दिसणारं नाव, हवं तेव्हा बदला. सर्व्हर बदला. किल्लीसुद्धा बदला. खूण तीच, म्हणून जोडलेली माणसं तीच. इथे आम्ही थोडं थांबलो, कारण लग्नाच्या दिवशी तांदळात नवं नाव लिहून घेतलेल्या बायकांना हे पटकन कळतं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, सातबाऱ्यावर असलंच तर तिसरं, आणि या तिघी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं. पाटी बदलली तरी माणूस तोच, हे मानणारी व्यवस्था आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

आधारचा बारा आकडी नंबरही एका अर्थी असाच न बदलणारा. तो देशात पहिल्यांदा दिला गेला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पण तो सरकारच्या वहीतला नंबर. सरकार देतं, सरकारच ताडतं. ब्लूस्काय किंवा नॉस्टरची खूण कुणी देत नाही, ती आपल्या किल्लीतून उगवते. दोन्हींची कामं वेगळी. रेशन दुकानात ६३ अक्षरं दाखवून धान्य मिळणार नाही, आणि टोपणनावाने मन मोकळं करायला आधार चालणार नाही.

आता ब्लूस्कायची किल्ली कुणाकडे? नियमांत अशी सोय आहे की खात्याच्या मुख्य किल्ल्यांत आपली स्वतःची एक वरच्या मानाची किल्ली नोंदवून ठेवता येते. सर्व्हरवाल्याने दगा दिला, तर ७२ तासांच्या आत त्या किल्लीने त्याचा बदल उलटवता येतो. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बहुतेकांच्या सगळ्या किल्ल्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. शिवाय कोणती खूण कुणाची याची वही एकच, आणि तीही कंपनीनेच चालवलेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ब्लूस्कायवर माणसं लोंढ्याने येत होती आणि आकडा दोन कोटींवर गेला होता तेव्हा, त्याच ख्रिस्टीन लेमर-वेबर यांनी एक लांबलचक लेख लिहून विचारलं की हे खरंच विकेंद्रित आहे का. चिडून नाही, शांतपणे, एकेक खांब ठोकून बघत. कंपनीतल्या माणसानेही तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं. पुढे २०२५ मध्ये ती वही स्वित्झर्लंडमधल्या एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवायचा इरादा कंपनीने जाहीर केला. लेमर-वेबर यांची बाजू आम्हांला बळकट वाटते. पण सगळ्या किल्ल्या आजच्या आज माणसांच्या हातात दिल्या असत्या, तर त्यातल्या किती जणांना फोन बदलल्यावर परत आत येता आलं असतं, हेही मनात येतंच.

म्हणजे कंपनीकडे ठेवली तर ती हाकलून देईल, आणि आपल्याकडे ठेवली तर हरवेल. मधली वाट आहे का? आहे, आणि ती १९७९ पासून आहे. रिव्हेस्ट, शमीर, एडलमन यांतले जे आदी शमीर, त्यांनी त्या वर्षी दोन पानांचा एक निबंध लिहिला. एखादं गुपित पाच तुकड्यांत असं वाटता येतं की त्यातले कुठलेही तीन एकत्र आले की गुपित पूर्ण उभं राहतं, आणि दोनच असले तर त्यातून काहीएक कळत नाही. अर्धवटही नाही. बचत गटातल्या बायकांना हे समजवायला नको. गटाचं बँकेतलं खातं अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्यातल्या दोघींच्या सहीने चालतं. एकटीला पैसे काढता येत नाहीत, आणि एक आजारी पडली म्हणून गट अडत नाही. पाणवठ्याच्या त्या जाळ्यावर 'डार्क क्रिस्टल' नावाचा प्रकल्प याच रीतीवर उभा राहिला. किल्लीचे तुकडे मैत्रिणींकडे ठेवायचे. किल्ली हरवली की त्यांच्याकडे जाऊन तुकडे गोळा करायचे. कुणा एकीकडे आपलं नाव नाही, पण सगळ्यांकडे मिळून आहे.

ही भाषणं रेकॉर्ड करायच्या आधी आम्ही खोलीत बसून एकमेकींना विचारलं, तुझे पाच तुकडे कुणाकडे देशील? एकीने पटापट सांगितलं : बहीण, शाळेतली मैत्रीण, गटाची सचिव. दुसरी म्हणाली, माहेरी एक ठेवते, सासरी एक, म्हणजे दोन्हीकडून तीन होणार नाहीत. तिसरीने आधी नवऱ्याचं नाव घेतलं, मग जरा थांबून ते मागे घेतलं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, ते वाईट नाहीत, पण त्यांना जपून ठेवायची सवय नाही. चौथीची चार नावं झाली आहेत. पाचवं अजून ठरायचं आहे.